पांढऱ्यातली रम

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (यंदा तो शब्दशः घे. सोमवारपासून कंबर धरली आहे आणि हे पत्र मी जमिनीवर पालथा पडून, छातीखाली उशी घेऊन लिहितो आहे. अक्षर तिरकं आलंय ते त्यामुळे. एरवीही ते सरळ येत नाही हे तू मी चौथीत असल्यापासून सांगत आलीस, तेव्हा लाल पेन कृपा करून लांब ठेव.) तुझा गुडघा कसा आहे? डावा दुखत होता की उजवा हे मला आठवेना, आणि हिला विचारलं तर हिनं असं काही पाहिलं की मी दोन्ही गुडघ्यांची चौकशी करायचं ठरवलं. भाऊजींचा खोकला बरा आहे हे मला ठाऊक आहे. कसं ठाऊक आहे ते पुढे येईलच. तुमच्या गॅलरीतली ती एकडोळी मांजर व्याली का? आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत, म्हणजे मी सोडून सगळे. मी फोन केला नाही असं मात्र म्हणू नकोस. नऊ वेळा केला. सात वेळा तू उचलला नाहीस, आणि दोनदा उचलून 'हे दुकानात आहेत' एवढं सांगून ठेवून दिलास, जणू मी चष्म्याची काडी बदलायला फोन केला होता. तेव्हा पत्र लिही असं मला सुचवण्यात आलं. फोन तू पहिल्या वाक्यावर ठेवतेस, पत्र मात्र शेवटपर्यंत वाचतेस, निदान चुका काढायला तरी. या पत्रात चुका भरपूर आहेत. बहुतेक माझ्याच आहेत.

तू पाठवलेलं खोकं गेल्या गुरुवारी पोचलं. मोठं नरसाळं, गाळायचं फडकं, लांब दांड्याचा डाव, सहा रिकाम्या बाटल्या, ती जहाजाचं चित्र असलेली रमची चौकोनी बाटली, आणि तुझ्या अक्षरातला अर्धा कागद. वर 'पांढरं' एवढंच शीर्षक, खाली साहित्य, त्याखाली कृती, आणि कृतीच्या शेवटच्या ओळीत, 'लवंगा काढून टाकाव्यात' याच्या पाठोपाठ, 'यंदा तूच कर. आम्ही येणार नाही.' तेही कृतीचाच भाग असल्यासारखं. खरं तर ते वाचून मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी मला नुसती ईर्ष्या आली. म्हटलं, तीस वर्षं ताई करते ते काय आकाशातून आणते? नारळाचं दूध, कंडेन्स्ड मिल्क, दालचिनी, लवंग, जायफळ, व्हॅनिला आणि रम. कुठल्याशा जहाजावरच्या आचाऱ्यानं भाऊजींच्या दुकानात चष्म्याची वाट बघता बघता तुला तोंडी सांगितलेली गोष्ट. आणि ती बिघडली काय नि साधली काय, जिभेचा धंदा तर माझा आहे.

तो धंदा काय आहे हे तुला सांगायला नको, पण सांगतो, कारण पुढच्या फजितीची सगळी गंमत (गंमत म्हणवत नाही, पण दुसरा शब्द सापडेना) त्यातच आहे. तेहतीस वर्षं मी चहाच्या कंपनीत चव बघतोय. कंपनी मला टी-टेस्टर म्हणते, मोठे काका 'चहा थुंकणारा' म्हणतात, आणि दोघांचंही बरोबर आहे. उत्तरेच्या खिडकीखाली लांब टेबल, त्यावर ओळीनं पांढरे वाडगे, प्रत्येकात मोजून अडीच ग्रॅम पत्ती, सहा मिनिटं, मग चमच्यानं सुर्रकन ओढायचं, टाळूपर्यंत न्यायचं, चाकांच्या पिकदाणीत थुंकायचं आणि पुढच्या वाडग्याकडे सरकायचं. दिवसाला दोनशे वाडगे. कांदा बंद, अत्तर बंद, दारूचा तर वासही बंद. म्हणूनच वर्षअखेरच्या सुट्टीतल्या शेवटच्या रविवारी, आमच्या घरी सगळे जमले की तू जे पांढरं द्यायचीस, ती माझी वर्षातली एकच मुभा. सवय नाही म्हणून मला लगेच चढायची. पहिल्या ग्लासाला मी मोठ्यानं बोलायचो, दुसऱ्याला गायचो, आणि तिसऱ्याला खरं बोलायचो. मोठे काका दुसऱ्यालाच टेबलाला धरून नाचायचे. सगळ्या घराची जीभ त्या एका दुपारी सुटायची, आणि तू डाव हातात घेऊन बघत राहायचीस.

तर शुक्रवारी मी रजा काढली आणि कामाला लागलो. डब्यातलं नारळाचं दूध आणायला ही निघाली होती, तिला मी थांबवलं. म्हटलं, ताजं काढणार. सात नारळ फोडले. (आठवा फोडला, पण त्यात पाणीच नव्हतं, आणि खोबऱ्याला असा वास होता की मी तो शास्त्रीय दृष्टीनं नोंदवून ठेवला.) मसाला तुझ्या कागदावर 'अंदाजानं' लिहिला होता. अंदाज हा शब्द आमच्या टेबलावर चालत नाही. मी कंपनीचा छोटा तराजू घरी आणला, दालचिनी अडीच ग्रॅम, लवंग अर्धा ग्रॅम, सहा मिनिटं उकळ, घड्याळ लावून. ही दारात उभी राहून हे पाहत होती आणि मधूनच आत जाऊन कोणाशी तरी फोनवर हसत होती. मग खोबरं आणि कोमट पाणी मिक्सरमध्ये घातलं, झाकण ठेवलं आणि बटण दाबलं. झाकण नुसतं ठेवायचं नसतं, दाबून बसवायचं असतं, हे तुझ्या कागदावर नव्हतं. नारळाचं पहिलं दूध छतावर गेलं, दुसरं माझ्या चष्म्यावर, आणि उरलेलं जमिनीवर पसरून ओट्याखालच्या नळाच्या भोकातून शांतपणे खालच्या मजल्यावर गेलं.

खालच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे. त्यांची खुर्ची बरोबर आमच्या ओट्याखाली येते हे मला त्या दिवशी कळलं. खुर्चीत एक गृहस्थ आ वासून बसले होते. दुधाची धार त्यांच्या तोंडात गेली. सुदैवानं त्या बाजूला भूल दिलेली होती, त्यामुळे त्यांना ते बराच वेळ कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा ते औषधच असावं असं समजून त्यांनी गिळलं. बाई मात्र वर आल्या. हातात चिमटा तसाच होता. मी माफी मागितली, आणि परवाच्या रविवारी, म्हणजे सगळे जमायच्या आठवडाभर आधीच, दुपारी येऊन पांढऱ्याचा पहिला ग्लास त्यांनीच घ्यावा अशी विनंती केली. (सगळे जमेपर्यंत कुणी चाखायचं नाही हा तुझा नियम मी मोडला. तो नियम तू का केला होतास हे तेव्हा माहीत असतं तर मोडला नसता. किंवा कदाचित फार पूर्वीच मोडला असता.)

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत, डब्यातलं दूध आणून (हिनं पिशवी नुसती ओट्यावर ठेवली), सगळं एकत्र झालं. राहिली रम. कागदावर लिहिलंय, 'रम, दोन वाट्या'. शनिवारी कंपनीत नव्या पिकाची मोठी चाखणी होती, त्यामुळे मी नियमाप्रमाणे नाकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावला, बाटली हातभर लांब धरली, आणि तोंड भिंतीकडे करून मोजून दोन वाट्या ओतल्या. इतक्या प्रामाणिकपणे मी आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही. बाटली जवळपास रिकामी झाली. पांढरं सहा बाटल्यांत भरलं आणि फ्रीजमध्ये ठेवलं. रविवारी दुपारी बाई आल्या तेव्हा पहिली बाटली उलटी केली तर आतून थेंब पडेना. नारळाची साय वर येऊन गळ्यात मेणासारखी घट्ट बसली होती. मी हिची विणायची सुई घातली. सुई आत पडली. मग बाटलीच्या बुडावर चापट्या मारल्या, तेव्हा सुई, सायीचा गोळा आणि पाव बाटली पांढरं एकदमच बाहेर आलं. बाईंनी रुमाल पुढे केला. उरलेलं आम्ही गाळून प्यायलो.

ताई, चव जमली होती. हे तुला चिडवायला सांगत नाही. आणि चढली. दुपारचे चार वाजले होते, आणि दुसऱ्याच ग्लासाला बाईंनी कबूल केलं की चौदा वर्षं त्यांची स्वतःची दाढ दुखते आहे, पण भीतीनं त्यांनी कुणाला हात लावू दिलेला नाही. मी गायलो. हिला म्हणालो की तुझ्या माहेरचा एकही माणूस मला पहिल्या दिवसापासून आवडलेला नाही. तिसऱ्या ग्लासाला साहेबांना घरी फोन लावला आणि सांगितलं की शनिवारच्या ज्या चहाला तुम्ही पहिला नंबर दिलात, त्याला ओल्या गोणपाटाची चव आहे. मग सोफ्यावर पडलो आणि फार समाधानानं झोपलो. रम चांगली असली की माणूस मोकळा होतो, असं काहीसं शेवटचं बोललो म्हणे.

सोमवारी सकाळी तुझी चौकोनी बाटली धुवायला घेतली. तळाशी चमचाभर काळं राहिलं होतं आणि त्यात एक पत्ती होती. चहाची. फुगून उलगडलेली, मोडक्या जातीची, एका कडेला किंचित जळकी. ताई, लोक आपल्या मुलांना गर्दीत ओळखतात तशी मी पत्ती ओळखतो. चमचा घेतला, सुर्रकन ओढलं, टाळूपर्यंत नेलं. थुंकलो नाही. आमचाच चहा. सतरा नंबरचा नमुना, जो मी दर वर्षी पुड्या बांधून तुझ्याकडे पाठवतो आणि ज्याच्याविषयी तू कधी बरं-वाईट एक अक्षर कळवलं नाहीस. गरजेपेक्षा बराच जास्त उकळलेला, त्यात जाळलेली साखर, संत्र्याची साल आणि एक लवंग. रमचा त्यात थेंब नव्हता. बाटलीला रमचा जुना वाससुद्धा उरला नव्हता, म्हणजे तिच्यात कित्येक वर्षं रम शिरलेली नव्हती. मी खाली स्टुलावर बसायला गेलो. स्टूल हिनं छत पुसायला नेलं होतं. कंबर धरली ती अशी.

जमिनीवर पडल्या पडल्या पहिल्यांदा मला माझ्या जिभेची लाज वाटली. दिवसाला दोनशे वाडगे चाखणारा माणूस, स्वतःच पाठवलेला चहा वर्षानुवर्षं रम म्हणून पितो, आणि तो त्याला चढतोसुद्धा. ती लाज थोडा वेळ टिकली. छताकडे बघता बघता (नारळाचा एक डाग अजून आहे, घोड्यासारखा दिसतो) दुसरी गोष्ट ध्यानात आली, आणि मग पहिलीचं काही वाटेनासं झालं.

गेल्या वर्षीची गोष्ट. तिसरा ग्लास संपवून मी टेबलावर चमचा वाजवला होता आणि सगळ्यांदेखत म्हणालो होतो की ताईनं जन्मभर सगळ्यांना गाळून गाळून पाणी करून टाकलं. पांढऱ्यातली रम कमी केली, भाऊजींना पार मिळमिळीत केलं, पूर्वी काय रंगात यायचे, आता बघा, फडक्यात बांधून टांगल्यासारखे बसलेत, आणि रक्ताच्या भावाकडे बघायला मात्र हिला सवड नाही. मला त्यातला शब्द न् शब्द आठवतो. तू डाव ताटलीत ठेवलास आणि मोठ्या काकांना आणखी हवंय का विचारलंस. भाऊजी चष्मा काढून पुसत बसले. फार वेळ पुसत होते. दुसऱ्या दिवशी मी तुला फोन केला आणि म्हणालो, ताई, मनावर घेऊ नकोस, मी कुठं बोललो, रम बोलली. तू म्हणालीस, "हो. रमच असेल."

वर्षभर मी त्या तीन शब्दांवर निर्धास्त होतो. म्हटलं, संपलं. तू नंतर फोन घेईनाशी झालीस तेव्हा वाटलं, गुडघा दुखत असेल. आणि तू तेव्हा फोनच्या त्या टोकाला उभी राहून पुरतं जाणून होतीस की बाटलीत चहा होता. मी जे बोललो ते मीच बोललो होतो, धडधडीत शुद्धीत, भरल्या पोटी, दुपारी अडीच वाजता. तू मला तेव्हाच तोंडावर पाडू शकली असतीस. एक वाक्य पुरलं असतं. तू ते बोलली नाहीस, आणि का बोलली नाहीस हे मला मंगळवारी कळलं.

मंगळवारी मी भाऊजींच्या दुकानात गेलो. कमरेमुळे काटकोनात वाकूनच गेलो, त्यामुळे भाऊजींनी पहिल्यांदा मला ओळखलंच नाही. 'आजोबा, बसा, नंबर काढायचाय का' म्हणाले. ओळखल्यावर मी बाटलीचं विचारलं. ते काही लपवायला गेले नाहीत. तू खोकं बांधलंस तेव्हा बाटली त्यात ठेवलीच नव्हतीस, ती त्यांनी मागाहून ठेवली. यंदाचा चहाही त्यांनीच उकळला, तू बाजारात गेली होतीस तेव्हा, आणि दोनदा गाळला, पण चष्मा न लावता. (तू असतीस तर पत्ती राहिली नसती हे मी त्यांना म्हणालो. ते मला म्हणाले, 'हो, आणि मग तुला कळलंही नसतं.') मग त्यांनी दुकानाचं दार लोटलं आणि सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी ते तीन महिने हवापालटाला गेले होते असं आपल्या सगळ्या घराला माहीत आहे. पित्ताचा त्रास म्हणून. ते कुठल्या हवेला गेले होते आणि कसला त्रास होता, आणि तू रोज दोन बस बदलून त्या वॉर्डात डबा घेऊन जायचीस, हे मी त्या दिवशी दुकानात, नंबर तपासायच्या खुर्चीत बसून, समोरच्या तक्त्यावरची अक्षरं बघत ऐकलं. सगळ्यांत वरचं मोठं अक्षरही मला नीट दिसत नव्हतं.

भाऊजी म्हणाले, "बाहेर आलो तेव्हा ती म्हणाली, आता पांढरं बंद करू. मी म्हटलं, बंद नको. मला वेगळा ग्लासही नको. सगळ्यांच्या हातात असेल तोच माझ्या हातात दे. एवढं एकच मागितलं मी तिच्याकडे."

आणि तू दिलंस. एक ग्लास वेगळा होऊ नये म्हणून सगळ्या घराचे ग्लास बदललेस. सगळ्यांसमोर, जहाजाचं चित्र पुढे करून, चहा ओतत राहिलीस, आणि आम्ही नाचत राहिलो. सगळे जमेपर्यंत कुणी चाखायचं नाही हा नियमही त्याचसाठी. भाऊजींनी एवढंही सांगितलं की गेल्या वर्षी आमच्याकडून घरी गेल्यावर तू रडली नाहीस. दुसऱ्या दिवशी पातेलं घासून, पुसून, फळीवर सगळ्यांत मागे ठेवलंस आणि म्हणालीस, आता पुरे. बाटली खोक्यात का ठेवलीत असं मी त्यांना शेवटी विचारलं. ते म्हणाले, तिनं अकरा वर्षं एकटीनं वाहिलं, म्हटलं यंदा तुझ्या हाती लागू दे. आणि शिवाय, मी येत्या रविवारी येणारच होतो, ती आली नाही तरी. तू खरी रम घातली असतीस, मग मला प्यायला काय होतं?

आता कबुलीचा भाग. तो उताणा होऊन लिहिता येत नाही, म्हणून पालथाच आहे. भाऊजींना मी मिळमिळीत म्हणालो, रम कमी आहे म्हणालो, ती सगळी वरवरची भांडी. खालचं भांडं वेगळंच आहे. अकरा वर्षांपूर्वी माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. तू आली नाहीस. आई गेल्यापासून मला साधा ताप आला तरी उशाशी तू असायचीस, आणि त्या वेळी फक्त एक थर्मास आला, पेजेचा, कुणाच्या तरी हाती. मी आठ दिवस दाराकडे बघत होतो. हिला म्हणालो, काय नाही, ती कामात असेल. पण ते मी मनात ठेवलं. वर्षाला एकेक ग्लास करून ते वाढवत नेलं. ताई, तू त्याच तीन महिन्यांत दोन बस बदलत होतीस. थर्मास भरायला तुला वेळ कधी मिळाला, हे मला अजून समजत नाही. पन्नाशी उलटलेला माणूस हर्नियाला बहीण आली नाही म्हणून अकरा वर्षं रुसतो आणि ते रमच्या नावावर खपवतो, यापेक्षा नामुष्कीची गोष्ट माझ्या आयुष्यात नाही. मला फार वाईट वाटतं. हे मी आता लिहितो आहे तेव्हा सकाळचे दहा वाजलेत, माझी जीभ कोरडी आहे, आणि मी पूर्ण शुद्धीत आहे. ते वाक्य मी शुद्धीत बोललो होतो, तेव्हा त्याची माफीही शुद्धीतच मागतो. माझं चुकलं.

साहेबांचा आज सकाळी फोन आला होता. त्यांनी थंडपणे विचारलं की रविवारी तुम्ही घेतली होती का. 'हो साहेब, सवय नाही' एवढं म्हटलं असतं तर निभावलं असतं. ते स्वतःच तो शब्द माझ्या तोंडात घालत होते. पण एका वर्षात तीच सबब दोनदा वापरायला जीभ रेटेना. म्हणालो, नाही साहेब, शुद्धीत होतो, आणि त्या चहाला खरंच गोणपाटाची चव आहे. त्यांनी कुणाला तरी शनिवारची यादी आणायला सांगितलं. मग म्हणाले, उद्या पुन्हा चाखू. तुझ्या माहितीसाठी कळवतो, त्यातून माझी काही थोरवी सिद्ध होते असं नाही.

भाऊजींना नमस्कार. मांजरीला, व्याली असल्यास, योग्य ते.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझ्या नरसाळ्याला पोचा आला आहे. मी त्यावर बसलो. स्टूल नव्हतं म्हणून सांगितलं होतं, पण जमीन रिकामी होती असं म्हणालो नव्हतो.

ता. क. दोन. बाटलीचं मी फक्त हिला सांगितलं, फार हळू, फार मोठं गुपित म्हणून. ही भाजी निवडत होती. म्हणाली, "ग्लास मीच धुते ना. नऊ वर्षं झाली मला कळून." मग सांगितलं का नाहीस, असं विचारलं, तर म्हणाली, ताईंना सांगायचं असतं तर त्यांनीच सांगितलं असतं. माहेरच्या माणसांबद्दल मी रविवारी जे बोललो तेही शुद्धीत होतं हे तिनं लक्षात ठेवलं आहे. दोन दिवस पिठलंसुद्धा मिळालेलं नाही. डॉक्टरीणबाईंना मी काही सांगितलेलं नाही. त्यांनी त्याच धुंदीत काल दाढ काढून घेतली आणि त्यांना ते धैर्य रमचंच वाटतंय, तर वाटू दे.

ता. क. तीन. हे खरं तर पहिल्या ओळीत लिहायचं होतं. पाच बाटल्या फ्रीजमध्ये आहेत, पण त्या पुरणार नाहीत, आणखी करावं लागेल, आणि तुझी चौकोनी बाटली रिकामी आहे. मला तो चहा जमायचा नाही. भाऊजी फार उकळतात, ते तर मी चाखलंच. सतरा नंबरची पुडी या पत्रासोबत ठेवली आहे. येत्या रविवारी तू अकराला ये, सगळ्यांच्या आधी, गुडघा जो असेल तो घेऊन. स्वयंपाकघराचं दार लावून तू उकळ, तू गाळ, आणि दुपारी नेहमीसारखी सगळ्यांदेखत तूच ओत. रम नव्हती हे मी कुणाला सांगणार नाही, ते भाऊजींचं आहे. पण मी जे बोललो ते सगळ्यांदेखत बोललो होतो, तेव्हा माफीही सगळ्यांदेखत मागेन. पहिला ग्लास भरायच्या आधीच मागेन, म्हणजे मोठ्या काकांनासुद्धा म्हणता येणार नाही की रम बोलली. तू आली नाहीस तर मात्र ते मला रिकाम्या खुर्चीकडे बघून बोलावं लागेल.

ता. क. चार. हे लिहिताना उशीजवळ एक पेला आहे. त्यात साधं पाणी आहे. या वेळी मी स्वतःच्या जिभेवर विसंबलो नाही, हिला चाखायला लावलं.